मेंढीचे दूध कोणासाठी?

मेंढीपालनात दूध वाढवून नफा कसा वाढवावा, हा प्रश्न आपल्या बीदर-कलबुर्गी भागात अलीकडे पुष्कळ जण विचारू लागले आहेत. परदेशातील दुधाळ मेंढ्यांची चित्रे आता खेड्यातील पोरांच्या हातात मोबाइलवर पोचली आहेत. एखादा मेंढा आणला की आपल्या कळपातून दुधाचे कॅन भरतील, असे कोणाकोणाला वाटते. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहिला पाहिजे.

परदेशात मेंढीच्या दुधावर मोठे धंदे चालतात, हे खरे आहे. फ्रान्समध्ये रोकफोर नावाचे प्रसिद्ध चीज लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधापासून करतात. ही मेंढी एका वेतात तीनशे लिटरच्या आसपास दूध देते. इस्राएलमध्ये आवासी ही त्या भागातील जुनी मेंढी निवडून निवडून दुधाळ केलेली आहे. मेंढीचे दूध घट्ट असते. त्यात स्निग्धांश साधारण सहा-सात टक्के असतो, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. चीजला असे दूध उत्तम.

पण आपली दख्खनी मेंढी त्या वाटेची नाही. काळी, काटक, दिवसाला कोसभर चालणारी ही मेंढी आपल्या पूर्वजांनी घोंगडीच्या लोकरीसाठी आणि मांसासाठी सांभाळली. तिला दूध येते ते अर्धा-पाऊण लिटर, तेही तीन महिने टिकले तर पुष्कळ. हे दूध विकत घेणारे केंद्रही गावात नाही. नंदिनीच्या दूध सोसायट्या गाय आणि म्हैस ह्यांच्या दुधासाठी आहेत. घोंगडीचा धंदा बसला, लोकरीला भाव उरला नाही आणि कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून निघत नाही, अशी आज स्थिती आहे. शेतात मेंढ्या बसवून खताचे चार पैसे किंवा धान्य मिळते ते वेगळे. मेंढीचा खरा पैसा आता एकाच गोष्टीत आहे आणि ती म्हणजे कोकरू.

मग दुधाचा प्रश्न सुटला का? नाही. येथेच तो सुरू होतो. कोकरू पहिला महिना-दीड महिना केवळ आईच्या दुधावर वाढते. गवताचा त्याला तेव्हा उपयोग नाही, कारण त्याचे रवंथाचे पोट तयार झालेले नसते. मेंढीचे दूध आपण विकतो ते कॅनमधून नव्हे, कोकराच्या अंगावरून. साधारण पाच लिटर दूध पोटात गेले की कोकराचे वजन एक किलोने वाढते, असा हिशेब आहे. दूध वाढवा म्हणजे कोकरे जगतील आणि जड होतील. नफ्याची वाट ही आहे.

ह्यातून पहिली गोष्ट निघते ती थोडी कडू आहे. व्यायलेल्या मेंढीचे दूध चहासाठी काढण्याची सवय पुष्कळ घरांत असते. अर्धा लिटर दुधातले पाव लिटर आपण घेतले तर कोकराच्या तोंडचा निम्मा घास गेला. तीन महिन्यांनी तेच कोकरू दोन-तीन किलोने हलके भरते आणि बाजारात आपला तोटा होतो. घरात लहान मुले असतील, दुधाची गरज असेल, तर कळपात एक-दोन उस्मानाबादी शेळ्या ठेवाव्यात. ही काळी शेळी आपल्याच शेजारची आहे. तिचे नाव जुन्या उस्मानाबादवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून पडले. उदगीर, तुळजापूर, लातूर हा तिचा मुलूख. ती जुळी देते, घरापुरते दूध देते आणि तिचा आणखी एक उपयोग आहे तो पुढे येईल.

दूध कधी तयार होते?

मेंढी व्याली की मग खुराक सुरू करायचा, अशी आपली रीत आहे. ही रीत उशिराची आहे. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. त्यातील पहिले साडेतीन महिने पोटातील कोकरू फार लहान असते. त्याच्या जन्मवजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो आणि मेंढीची कासही त्याच दिवसांत बनते. ह्या दिवसांत मेंढी उपाशी राहिली तर कोकरू दीड-पावणेदोन किलोचे जन्मते, कासेत चीक नसतो आणि आईला पान्हाही फुटत नाही. असे कोकरू उभे राहण्याआधीच थंडीने गारठते. व्याल्यानंतर दुप्पट पेंड घातली तरी आधीचे नुकसान भरून येत नाही.

तेव्हा शेवटचे दीड महिने दररोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक द्यावा. व्याल्यावर दोन महिने तीनशे ग्रॅम द्यावा आणि जुळी असतील तर चारशेपर्यंत. दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. म्हणून दोन महिन्यांनंतर खुराक हळूहळू कमी करून बंद केला तरी चालतो. वर्षभर सगळ्या कळपाला पेंड घालणारा माणूस कर्जात जातो आणि मुळीच न घालणारा कोकरे पुरतो. ह्या साडेतीन महिन्यांतच पैसा घालावा आणि तोही गाभण आणि व्यायलेल्या मेंढ्यांवरच.

खुराक विकतचाच हवा असे नाही. आपला भाग तुरीचा आहे. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. डाळ मिलमधून निघणारी तुरीची चुनी आणि खळ्यावरची तुरीची गुळी हे मेंढीचे उत्तम खाद्य आहे. कडब्यापेक्षा तुरीच्या आणि हरभऱ्याच्या गुळीत कस जास्त असतो. तरीही कित्येक जण ती गुळी खळ्यातच जाळून टाकतात किंवा पावसात कुजू देतात. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात फुकट मिळतात, त्या वाळवून पोत्यात भरून ठेवाव्यात. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावावी. सुबाभळीचा पाला मात्र एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक घालू नये, तो जास्त झाला तर केस गळतात आणि जनावर खंगते.

दहा किलो खुराक घरी करायचा असेल तर ज्वारी किंवा मक्याचा भरडा चार किलो, तूर चुनी तीन किलो, करडईची किंवा भुईमुगाची पेंड पावणेतीन किलो, मीठ शंभर ग्रॅम आणि मेंढ्यांसाठीचे खनिज मिश्रण दीडशे ग्रॅम घ्यावे. गाईचे खनिज मिश्रण मेंढीला घालू नये. त्यात तांबे जास्त असू शकते आणि मेंढीला ते विषासारखे बाधते. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. खुराक एकदम पूर्ण मापाने न देता आठवडाभरात वाढवीत न्यावा. खळ्यावर सुटलेली मेंढी पोटभर ज्वारी खाऊन फुगून मरते हे आपल्याला माहीत आहे. थोड्या प्रमाणात तोच प्रकार घाईने खुराक वाढवल्यानेही होतो.

आणि पाणी! दुधातील पाच भागांपैकी चार भाग पाणीच असते. दुभती मेंढी उन्हात दिवसाला पाच-सहा लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी पिते. संध्याकाळी एकदाच ओढ्यावर नेऊन आणलेल्या मेंढीकडून दुधाची अपेक्षा करू नये. वाड्यात रात्रीही पाण्याची कुंडी भरलेली असावी. ह्या उपायाला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा तो कोणी करीत नाही.

एक हिशेब

वीस मेंढ्यांचा कळप धरू. शेवटच्या दीड महिन्यात अडीचशे ग्रॅमप्रमाणे सव्वाअकरा किलो आणि नंतरच्या दोन महिन्यांत तीनशे ग्रॅमप्रमाणे अठरा किलो, म्हणजे मेंढीमागे सुमारे तीस किलो खुराक लागतो. वीस मेंढ्यांना सहाशे किलो. खुराक 25 रुपये किलो धरला तर 15,000 रुपये झाले. रक्कम पाहून छाती दडपते, हे मान्य आहे. आता दुसरी बाजू पाहू. खुराक न देता वीस कोकरांपैकी पंधरा जगली आणि चार महिन्यांची होऊन बारा किलोप्रमाणे विकली, तर 180 किलो वजन झाले. खुराक देऊन अठरा जगली आणि पंधरा किलोप्रमाणे भरली, तर 270 किलो झाले. नव्वद किलोचा फरक. जिवंत वजनाचा भाव 350 रुपये धरला तर 31,500 रुपये. खुराकाचे 15,000 वजा जाता 16,500 रुपये हाती राहतात आणि निम्मा खुराक घरचा असेल तर त्याहून पुष्कळ अधिक.

हे आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या बाजारातील भाव घालून प्रत्येकाने आपला हिशेब मांडावा. पण एक पाहावे की, वरच्या नव्वद किलोंपैकी निम्मे वजन केवळ तीन कोकरे जास्त जगल्यामुळे आले आहे. म्हणून जन्मानंतरचा पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा.

चीक

नवजात कोकराच्या अंगात रोगाशी लढण्याची शक्ती जवळजवळ नसते. ती आईच्या चिकातून मिळते आणि कोकराची आतडी ती शक्ती केवळ पहिल्या दिवसभरातच शोषून घेतात. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात जावा. सहा तासांनंतर त्याचा उपयोग वेगाने घटत जातो. पहिल्या चोवीस तासांत कोकराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला पाव लिटर चीक मिळाला पाहिजे. काही घरांत पहिला चीक वाईट म्हणून जमिनीवर पिळून टाकतात, काही घरांत त्याचा खरवस होतो. दोन्ही बंद करावे. सडाच्या तोंडाशी बसलेला मेणासारखा खडा निघावा एवढ्यासाठी दोन धारा काढाव्यात, पुरे.

आई मेली किंवा तिला दूधच नाही, तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक बाटलीने पाजावा. नंतर उस्मानाबादी शेळी त्या कोकराची दाई होते. तिच्या दुधावर कोकरू चांगले वाढते. कळपात शेळ्या ठेवण्याची जुन्या धनगरांची रीत उगीच नव्हती.

नाळेला टिंक्चर आयोडिन लावावे. थंडीच्या रात्री कोकरे डालग्याखाली कोरड्या गवतावर ठेवावीत, पण आईपासून रात्रभर वेगळी ठेवू नयेत. पंधराव्या दिवसापासून कोवळा पाला आणि चिमूटभर भरडा पुढे टांगावा. त्यामुळे पोट लवकर तयार होते आणि आईवरचा भार कमी होतो.

मेंढी व्याल्यावर कास हाताने तपासावी. एका बाजूला गरम, कठीण गाठ लागली, दूध पाण्यासारखे किंवा रक्ताळ आले, तर काससुजी आहे. मेंढीत हा रोग लपून राहतो, कारण आपण तिला पिळत नाही. कोकरू सारखे ढुसण्या मारते, ओरडते, खंगते आणि आपण समजतो की कोकरूच कमजोर आहे. डॉक्टरांना लगेच दाखवावे. एक बाजू आटलेली मेंढी पुढच्या वेताला ठेवू नये.

जुळ्यांचा लोभ

आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, बनबिहारी निंबकर ह्यांनी 1968 साली स्थापन केलेली. तेथे बंगालच्या सुंदरबनातील गारोळ नावाच्या छोट्या मेंढीतील जुळे देणारा गुण संकराने दख्खनी मेंढीत आणला. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. हा गुण एकाच जनुकातून येतो आणि तो मेंढ्याकडूनही मुलींत उतरतो, हे त्या कामाचे वैशिष्ट्य. काम मोठे आहे आणि आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात झालेले आहे.

परंतु जुळी म्हणजे दोन तोंडे आणि एक कास. ज्या घरी एका कोकराला दूध पुरत नाही, त्या घरी जुळी आणून काय होणार? दोन्ही कोकरे दीड-दीड किलोची, एक पहिल्या आठवड्यात जाणार आणि दुसरे रोड राहणार. पोटात जुळी असलेली मेंढी शेवटच्या पंधरवड्यात खाणे सोडून कोपऱ्यात उभी राहते, तेही उपासमारीमुळेच. आधी आपल्या मेंढ्यांचे दूध वाढवावे, दोन वर्षे कोकरे जगवून दाखवावीत आणि मगच जुळ्यांच्या जातीकडे वळावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर मेंढ्या आणि पाच मेंढे ह्यांच्या युनिटला पन्नास टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. अनुदान निम्म्याचेच असते, उरलेला निम्मा बोजा आपल्यावर पडतो. दहा मेंढ्यांचा चारा ज्याच्याकडे नाही त्याने शंभरांचे कर्ज काढू नये.

जातिवंत मेंढी आपल्या कळपातच लपलेली असते. ती शोधायला लटकता वजनकाटा आणि एक वही पुरे. कोकरू जन्मल्यावर आणि तिसाव्या दिवशी वजन करावे. वाढलेल्या किलोंना पाचाने गुणले की महिन्याचे दूध कळते. तीन किलो वाढले तर पंधरा लिटर, म्हणजे रोज अर्धा लिटर. चार किलो वाढले तर रोज साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे. ज्या मेंढीचे कोकरू दोन वेतांत मागे पडले ती विकावी. ज्या मेंढीचे कोकरू पुढे गेले तिच्या पाटी ठेवाव्यात आणि मेंढाही अशाच दुधाळ आईचा निवडावा. आपण नेमके उलटे करतो. सर्वांत जड नर कोकरू भाव चांगला येतो म्हणून व्यापाऱ्याला देतो आणि उरलेल्यातला एक कळपावर सोडतो. मेंढा दर दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो आपल्याच मुलींवर जातो.

मेंढा वर्षभर कळपात फिरू देऊ नये. तो वेगळा ठेवावा किंवा त्याच्या पोटाखाली कापड बांधावे. जुलैत फळलेल्या मेंढ्या डिसेंबरात वितात. तेव्हा सोयाबीन, उडीद निघालेले असतात, तुरीचा पाला आणि गुळी येणार असते, म्हणजे दुधाच्या दिवसांत चारा असतो. मार्च-एप्रिलमध्ये विणाऱ्या मेंढीला उघड्या माळावर दूध कोठून येणार? डिसेंबरची कोकरे उगादीच्या पुढे विक्रीला येतात. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तिचा हिशेबही वहीत ठेवावा, त्या वेळी अंगापिंडाने भरलेल्या नराला भाव मिळतो.

रोगांबद्दल थोडक्यात सांगतो. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी टोचावी आणि गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर तिचे रक्षण चिकातून कोकरालाही मिळते. पीपीआर, देवी, नीलजिव्हा ह्यांच्या लसींसाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळापत्रक विचारावे. जंताचे औषध पावसाळ्याच्या आरंभी आणि शेवटी द्यावे. अधिक सल्ल्यासाठी बीदरला नंदीनगरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे. एवढी मोठी संस्था दाराशी असताना तेथे आपण फार कमी वेळा जातो.

शेवटी घरातील माणसांच्या प्रकृतीविषयी. मेंढ्या वारंवार गाभडत असतील तर सांसर्गिक गर्भपाताचा संशय घ्यावा. हा रोग माणसालाही होतो. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी महिनोन्‌महिने चालते आणि पुष्कळदा मलेरिया किंवा विषमज्वर समजून भलतेच उपचार होतात. मेलेले कोकरू व वार उघड्या हाताने उचलू नये, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, खोल खड्डा करून चुना घालून पुरावे आणि कुत्र्यांना देऊ नये. घरातील गरोदर बाईने विणाऱ्या मेंढीजवळ जाऊ नये. शेळीचे किंवा मेंढीचे दूध मुलांना नेहमी उकळूनच द्यावे, धारोष्ण कधीही देऊ नये. असा ताप रेंगाळला तर डॉक्टरांना आपल्या घरी मेंढ्या आहेत हे आपण होऊन सांगावे, म्हणजे ते त्या रोगाची रक्ततपासणी करून घेतील.